बी.कॉम. सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करू का?

ज्या प्रश्नाला हे उत्तर आहे तो थोडक्यात असा. इचलकरंजीचा वीस वर्षांचा मुलगा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या आठ महिन्यांत निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या ऑप्शन्समध्ये (ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांत) ४० हजारांचे १ लाख १० हजार केले. कॉलेजात जे शिकवतात त्याचा बाजारात काही उपयोग होताना दिसत नाही, म्हणून कॉलेज सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करायचा विचार आहे. वडील म्हणतात, आधी डिग्री घे, मग काय ते कर. त्याने विचारलंय, "यशस्वी ट्रेडर व्हायला शिक्षण खरंच लागतं का?"

माझा धाकटा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. मी १९९७ पासून बाजारात आहे. आधी फोर्टमधल्या एका सब-ब्रोकरकडे बॅक ऑफिसला होतो, मग डीलर झालो, मग मोठ्या गुंतवणूकदार संस्थांचे सौदे होतात त्या डेस्कवर बसलो, आणि २०१३ पासून ठाण्यात घरून स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करतो. मी स्वतः दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं, त्यामुळे तुझा प्रश्न मला परका नाही.

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. बाजाराला डिग्री लागते का, हा एक. मी आत्ता कॉलेज सोडावं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' आहे आणि दुसऱ्याचंही 'नाही'च आहे. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी कशी, ते नीट समजावून सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला नेमकं कुठलं काम करायचंय यावर अवलंबून आहे. स्वतःच्या खात्यात सौदे करायचे तर पॅन, बँक खातं आणि डीमॅट पुरे. एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, चालू करताना ब्रोकर उत्पन्नाचा पुरावा मागतो, मार्कशीट मागत नाही. ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्हचा (फ्युचर्स-ऑप्शन्सचा) डीलर म्हणून बसायचं तर एनआयएसएम या सेबीने काढलेल्या संस्थेची परीक्षा द्यावी लागते. लोकांना पैसे घेऊन शेअर सुचवायचे तर सेबीकडे, म्हणजे बाजाराच्या नियामकाकडे, रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते आणि त्यासाठी पदवी लागते. आणि मुंबईतल्या ज्या प्रॉप डेस्कवर (कंपनीच्या स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या) दिवसभर अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारे प्रोग्राम, चालतात, तिथे गणित, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटरची चांगली पदवी नसेल तर मुलाखतीचं बोलावणंसुद्धा येत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने हे काम करायचं असेल तर शिक्षण लागतं, स्वतःच्या पैशाने करायचं असेल तर कुणी विचारत नाही. बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'बघा, डिग्री लागत नाही' म्हणून मोकळे होतात.

पण कुणी विचारत नाही म्हणून समोर कोण बसलंय ते बदलत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एफ अँड ओचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो तू वाचला असशील. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला होता. हा आकडा सगळीकडे फिरला. त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०२३-२४ या एका वर्षात ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा कमावला, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त अल्गोंमधून आला. तू मोबाईलवर 'बाय' दाबतोस तेव्हा पलीकडे बऱ्याचदा असा प्रोग्राम असतो, जो गणितात चांगला शिकलेल्या माणसाने लिहिलेला असतो. तुला डिग्री विचारली जात नाही, पण तुझा सौदा शिकलेल्या माणसाशीच होतो. याचा अर्थ तू जिंकू शकत नाहीस असा नाही. पण 'शिक्षणाचा इथे काही उपयोग नाही' हे तुझं निरीक्षण चुकीचं आहे, एवढं यातून दिसतं.

आता मी पाहिलेल्या दोन माणसांबद्दल सांगतो.

सब-ब्रोकरच्या ऑफिसात एक काका बसायचे. मूळचे राजापूरकडचे, शाळा सातवीपर्यंत. बीएसईत १९९५ साली कॉम्प्युटरवर सौदे करायचं बोल्ट टर्मिनल आलं, त्याआधी ते ओरडून सौदे व्हायचे त्या रिंगमध्ये जॉबर, म्हणजे थोड्या पैशांच्या फरकावर घेऊन लगेच विकणारे, होते. २१२ ला घ्यायचं, २१२.५० ला द्यायचं, दिवसभर तेच. त्यांच्याकडे एक लांबट, अरुंद वही असायची. प्रत्येक सौदा पेन्सिलने लिहायचे: शेअर, भाव, नग, आणि शेवटच्या रकान्यात एक अक्षर. ते अक्षर मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाले, "हा सौदा का केला ते." 'भ' म्हणजे भाव बघून, 'ऐ' म्हणजे कुणाचं तरी ऐकून, 'रा' म्हणजे रागाने. बाजार बंद झाला की खाली रेघ मारून बेरीज करायचे आणि महिन्याच्या शेवटी तीन अक्षरांच्या तीन बेरजा वेगळ्या काढायचे. 'ऐ' आणि 'रा' नेहमी तोट्यात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आज हजारो रुपयांच्या ट्रेडिंग जर्नलच्या ॲपमध्ये जे करतात ते काका सातवीच्या गणितावर करत होते, आणि माझ्या पाहण्यात ते बरीच वर्षं सातत्याने फायद्यात होते.

मग २००१ आलं. जुलैत बदला, म्हणजे सौद्याचा हिशेब व्याजावर पुढे ढकलायची पद्धत, बंद झाला, आणि दर दिवसाच्या सौद्यांचा हिशेब वेगळा चुकता करणारी रोलिंग सेटलमेंट आली. घेण्या-देण्याच्या भावातलं अंतर पाच-दहा पैशांवर आलं. ज्या पन्नास पैशांवर काकांचं घर चालत होतं ते पन्नास पैसे नाहीसे झाले. फ्युचर्स, ऑप्शन्स सुरू झाले होते, पण त्यांची सगळी परिपत्रकं इंग्रजीत. एक संध्याकाळ ते माझ्या शेजारी पुट ऑप्शनचं माहितीपत्रक घेऊन बसले. मला येत होतं तेवढं मी सांगत होतो, ते मान डोलावत होते. तासाभराने त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "हे आता तुमचं." पुढच्या वर्षी ते गावी गेले. इतका हुशार ट्रेडर मी नंतर फार क्वचित पाहिला. त्यांच्याकडे नव्याने शिकायचं साधन नव्हतं, आणि बाजारातलं उत्पन्न थांबलं तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं.

हे जुनं झालं असं समजू नकोस. तू बँक निफ्टीच्या (बँकांच्या शेअर निर्देशांकाच्या) साप्ताहिक एक्सपायरीबद्दल, म्हणजे दर आठवड्याला बुधवारी ऑप्शनची मुदत संपायची त्याबद्दल, ऐकलं असशील. महाराष्ट्रात कितीतरी पोरांचं सगळं तंत्र त्या एका दिवसावर उभं होतं. सेबीने एका एक्सचेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्सपायरी ठेवायला सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बँक निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी बंद झाली. त्याच सुमारास लॉट (एका सौद्यातले किमान नग) मोठे झाले, त्याआधी ऑक्टोबरपासून एसटीटी (सौद्यावरचा कर) वाढला होता. पुढच्या सप्टेंबरमध्ये निफ्टीची एक्सपायरी गुरुवारवरून मंगळवारवर गेली. ज्यांना फक्त 'बुधवारी अमुक वाजता विकायचं' एवढंच येत होतं त्यांचं काकांसारखंच झालं. तू जे काही शिकलायस ते आठ महिन्यांच्या बाजारातलं आहे. तू चाळीस वर्षं काम करणार आहेस. त्या काळात हा धंदा निदान पाच-सहा वेळा मुळापासून बदलेल.

आता दुसरा माणूस. हिंजवडीत आयटीत मोठ्या हुद्द्यावर, नामांकित संस्थेतून इंजिनीअर. ऑप्शन विकायचा. ऑप्शनच्या गणितातलं डेल्टा, थीटा, व्होलॅटिलिटी (भाव किती जोरात वर-खाली होतात ते), सगळं तोंडपाठ. स्वतः प्रोग्राम लिहिलेला, जुन्या डेटावर तपासलेला. दीड-दोन वर्षं दरमहा अडीच-तीन टक्के काढत होता आणि ते खोटं नव्हतं, मी त्याची स्टेटमेंट्स पाहिली आहेत. जून २०२४ मध्ये लोकसभेचे एक्झिट पोल आले, ३ तारखेला निफ्टी सव्वातीन टक्के वर जाऊन २३,२६४ च्या आसपास बंद झाला. त्याने त्या दुपारी २२,५०० चे पुट विकले, म्हणजे निफ्टी त्याखाली गेला तर तोटा सोसायची हमी देऊन त्याबद्दल प्रीमियम घेतला. मला फोनवर म्हणाला, "साडेसातशे पॉइंट खाली आहेत, आणि प्रीमियम केवढा मिळतोय बघा." मी विचारलं, निकाल वेगळा लागला तर? तो म्हणाला, त्याची शक्यता मॉडेलमध्ये धरली आहे. दुसऱ्या दिवशी निकाल लागताना दुपारपर्यंत निफ्टी २१,३०० च्या खाली. साडेदहाला पोझिशन कापता, म्हणजे चालू सौदा तोट्यात बंद करता, आली असती, मोठा पण झेपणारा तोटा होता. त्याने तोवर आणखी खालचे पुट विकले, 'व्होलॅटिलिटी इतकी वर टिकत नाही' म्हणून. संध्याकाळी मला त्याचा फोन आला तेव्हा बराच वेळ बोलला नाही. दीड-दोन वर्षांचा नफा आणि वर घराच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेले पैसे गेले होते.

त्याचं शिक्षण कमी पडलं का? गणित बरोबर होतं. शिकलेल्या माणसाला एक सवय लागते, आपलं म्हणणं बरोबर असल्याचं सिद्ध करण्याची. परीक्षेत तीच कामाला येते. बाजारात पोझिशन उलटी गेल्यावर तोच माणूस आणखी एक कारण शोधतो आणि ॲव्हरेज करतो, म्हणजे तोट्यातल्या सौद्यात भर घालतो. काकांना कारण देता यायचं नाही, म्हणून ते पटकन कापायचे.

मोठ्या पातळीवरही हेच झालंय. अमेरिकेतल्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडात रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स भागीदार होते, ज्यांना १९९७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी फंड बुडाला आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हने बँकांना एकत्र बसवून सुमारे ३६० कोटी डॉलर घालायला लावले. कर्जाऊ पैशाने पोझिशन इतकी मोठी केली होती की चूक झाली तर सावरायला जागाच नव्हती. उलट बाजूला आपल्याकडे शेअर बाजारातून मोठे झालेले राधाकिशन दमाणी आहेत, ज्यांनी कॉमर्सचं शिक्षण अर्धवट सोडलं, आणि राकेश झुनझुनवाला होते, जे सीए झालेले होते. दोघेही याच मुंबईत मोठे झाले. एकाचं नाव घेऊन कॉलेज सोडायचं आणि दुसऱ्याचं नाव घेऊन सीएला बसायचं, दोन्ही करता येतं. म्हणून नावांवरून मी काहीच ठरवत नाही.

तुझ्या प्रश्नाची जवळजवळ परीक्षाच एकदा घेतली गेली आहे. १९८३ साली शिकागोत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या दोन ट्रेडरांमध्ये वाद झाला, ट्रेडर जन्मावा लागतो की घडवता येतो. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, आलेल्या अर्जांतून वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मोजकी माणसं निवडली, दोन आठवडे नियम शिकवले आणि ट्रेडिंग करायला लावलं. त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे मोठा पैसा कमावला. हे उदाहरण 'डिग्री लागत नाही' म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातली एक गोष्ट सांगायची राहते: ते डेनिसच्या पैशावर ट्रेडिंग करत होते. सलग दहा सौदे तोट्यात गेले तरी घरभाडं त्यातून जायचं नव्हतं. नियम पाळणं त्यांना जमलं त्यामागे हेही एक कारण होतं, असं मला माझ्या अनुभवावरून ठाम वाटतं.

इथे मी माझ्या मुद्द्याशी येतो. डिग्री तुला चार्ट वाचायला शिकवत नाही. ती तुला पगार मिळवून देऊ शकते, आणि पगार असलेला माणूस या महिन्यात बाजाराकडून काहीही न घेता बसू शकतो. ट्रेडिंगमध्ये यापेक्षा मोठी ताकद मी पाहिलेली नाही. ज्याला एक तारखेला बाजारातून पैसे काढायचेच आहेत, तो पंचवीस तारखेनंतर चुकीचे सौदे करतो. मी केलेत. डीलर असताना माझ्या समोरच्या ग्राहकांना महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लॉट वाढवताना मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

माझंच सांगतो. १९९९ च्या टेक तेजीत मला वाटलं, कॉलेजात वेळ फुकट जातोय. परीक्षेला बसलो नाही. मार्च २००१ मध्ये बदल्यावर ओढलेल्या सॉफ्टवेअर शेअरमध्ये एक लाख चाळीस हजार घालवले. त्यातले नव्वद हजार आईने पतपेढीतून काढून दिलेले होते. माझा पगार साडेचार हजार. हप्ते फिटायला तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांत आईने मला एका शब्दाने विचारलं नाही, हे मला आजही जड जातं. त्या काळात एका मोठ्या ब्रोकिंग कंपनीत संस्थांच्या डेस्कवर जागा निघाली. काम मला येत होतं, मुलाखत छान झाली, आणि शेवटी फॉर्मवर 'पदवी' या रकान्यात मी रेघ मारली. तिथेच संपलं. मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, रविवारी अभ्यास केंद्रावर जाऊन, २००५ साली. पुढच्या वर्षी तसाच फॉर्म दुसऱ्या ठिकाणी भरला आणि लागलो.

खरं ट्रेडिंग मी तिथे शिकलो. तिथे एक रिस्क बघणाऱ्या मॅडम होत्या. पोझिशन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की त्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या. वाद घालायच्या नाहीत, फक्त पोझिशन कमी होईपर्यंत उभ्या असायच्या. २२ जानेवारी २००८ ला बाजार उघडल्यावर काही मिनिटांत दहा टक्के पडून तासभर बंद झाला, तेव्हा आमच्या डेस्कचा तोटा मोठा होता पण डेस्क शाबूत होता, कारण त्याआधी त्या आमच्यामागे उभ्या राहिल्या होत्या. पदवीच्या कागदाने मला भाव कळला नाही. त्या खोलीत बसायला मिळालं, आणि तिथे बारा हजारांपासून सुरू झालेल्या पगारात मी दुसऱ्याच्या पैशाने, कुणाच्या तरी नजरेखाली चुका केल्या. एकट्याने, मोबाईलवर, स्वतःच्या पैशाने चुका करून शिकणं यापेक्षा खूप महाग पडतं.

२०१३ मध्ये नोकरी सोडली तेव्हा घरखर्चाचे तीन वर्षांचे पैसे मुदत ठेवीत होते आणि बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. ट्रेडिंगच्या भांडवलातून पहिली दोन वर्षं एक रुपया काढला नाही.

आता तुझे आठ महिने बघू. ४० हजारांचे १ लाख १० हजार ही छोटी गोष्ट नाही, तुझं कौतुक आहे. पण तो आकडा मला काही सांगत नाही. सौदे किती केलेस ते तू लिहिलेलं नाहीस. गेल्या वर्षी साताऱ्याचा एक मुलगा असाच आला होता, खातं दुप्पट केलेलं. आम्ही दोघांनी बसून त्याचे ३१२ सौदे एक्सेलमध्ये उतरवले. त्यातले सगळ्यात मोठे चार नफ्याचे सौदे बाजूला काढले तर उरलेल्या ३०८ ची बेरीज तोट्यात होती, आणि ते चारही सौदे एकाच पंधरवड्यातले होते. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे मला काहीच येत नाही का?" मी म्हटलं, ते अजून कळलेलं नाही, एवढंच यातून कळतं. तूही हे कर.

खर्चाचा हिशेबही कर. ऑर्डरमागे वीस रुपये ब्रोकरेज धरलं, तर शंभर रुपये प्रीमियमचा निफ्टीचा एक लॉट घेऊन विकायला जीएसटी, एसटीटी, एक्सचेंजचे चार्जेस धरून साधारण साठ रुपये जातात. दिवसाला पाच असे सौदे, महिन्याला वीस दिवस: सहा हजार रुपये. वर्षाला बहात्तर हजार, म्हणजे तुझ्या आजच्या भांडवलाच्या जवळजवळ दोन तृतीयांश. एवढं कमावलंस की तू शून्यावर येतोस. हे टक्केवारीचं गणित आहे, जे तुझ्या कॉलेजात पहिल्या वर्षी होऊन गेलंय.

आणि कॉलेजात जे शिकवतात त्याचा उपयोग नाही म्हणतोस, तर तुमच्या अभ्यासक्रमातला संख्याशास्त्राचा भाग उघड. समज, तुझे शंभरातले ४० सौदे जिंकतात आणि जिंकल्यावर तोट्याच्या दुप्पट मिळतात. ही चांगली पद्धत आहे, दीर्घकाळात पैसे देईल. अशा २०० सौद्यांत कुठेतरी सलग आठ तोटे येण्याची शक्यता चारांत जवळजवळ तीन आहे. म्हणजे ते येणारच असं धरून चालायचं. दर सौद्याला भांडवलाचे दहा टक्के लावत असशील तर आठ तोट्यांनंतर ५७ टक्के गेलेले असतील, आणि परत पूर्वपदावर यायला उरलेल्यावर १३० टक्क्यांहून जास्त कमवावे लागतील. दोन टक्के लावत असशील तर १५ टक्के गेलेले असतील आणि तू उद्या शांतपणे नववा सौदा करशील. पद्धत तीच, माणूस तोच. बाजारातून बाहेर फेकली गेलेली बहुतेक पोरं मी पाहिली ती याच जागी घसरली, चार्ट चुकीचा वाचला म्हणून नाही.

पूर्णवेळ करायचं म्हणजे काय तेही मांडून बघ. इचलकरंजीत घरी राहून तुझा खर्च महिना पंधरा हजार धरू. १ लाख १० हजारांवर पंधरा हजार म्हणजे दरमहा साडेतेरा टक्के, तेही भांडवल जराही न वाढता आणि एकही वाईट महिना न येता. मी इतक्या वर्षांनंतर अशा दराची अपेक्षा धरत नाही. माझ्या ओळखीचं कुणीच धरत नाही. तुझी हुशारी कमी पडेल म्हणून मी हे सांगत नाही. एवढ्या भांडवलावर एवढा खर्च काढायला गेलास की तुला पोझिशन मोठी करावीच लागेल, आणि मग ते आठ तोटे कधीतरी येतील.

म्हणून तुझे वडील बरोबर आहेत असं मला वाटतं. त्यांचं कारण कदाचित वेगळं असेल, 'लोक काय म्हणतील' किंवा 'नोकरी म्हणजे सुरक्षित'. माझं कारण ट्रेडिंगचंच आहे. तुला चांगला ट्रेडर व्हायचं असेल तर तुझ्याकडे दुसरं उत्पन्न हवं, आणि ते मिळवायचा तुझ्यासमोरचा सगळ्यात स्वस्त रस्ता दीड वर्षात पुरी होणारी डिग्री आहे.

याला अपवाद आहेत, ते नाकारत नाही. सांगली किंवा हिंगोलीच्या हळद बाजारात अडतीच्या गादीवर वाढलेला मुलगा, ज्याच्या घरचा धंदा चालू आहे आणि ज्याला मालाचा भाव रोज हाताने कळतो, त्याने हळदीचे वायदे करायला पदवीची वाट बघायची गरज नाही. त्याचं शिक्षण गादीवर झालंय आणि त्याचं उत्पन्न वायद्यावर अवलंबून नाही. घरी शेती किंवा दुकान नीट चालत असेल तर तुझंही गणित बदलेल, ते तू लिहिलेलं नाहीस. आणि घरात इतकी ओढाताण असेल की तुला आत्ताच कमवायचंय, तर कॉलेज मुक्त विद्यापीठातून कर, पण नोकरी कर. ब्रोकरच्या बॅक ऑफिसची असेल तर उत्तम. कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्यांची पावती), मार्जिन (सौद्यासाठी ठेवावी लागणारी रक्कम), लेजर, सेटलमेंट हे सगळं तिथे पगार घेऊन शिकायला मिळतं.

एक शिक्षण मात्र विकत घेऊ नकोस. पन्नास हजार, लाख रुपये घेऊन 'सेटअप' शिकवणारे क्लास आणि टेलिग्रामवरचे चॅनेल. मला यांचा मनापासून राग आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या पोरांतली निम्मी तिथून पैसे घालवून येतात आणि घरी सांगू शकत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं की जो फक्त शिक्षण देतो त्याने शिकवताना तीन महिन्यांपेक्षा ताजे भाव वापरायचे नाहीत. एखादा माणूस 'फक्त एज्युकेशन' म्हणत आजच्या चार्टवर घ्या-विका सांगत असेल तर तिथून उठ. एनआयएसएमच्या इक्विटी डेरिव्हेटिव्हजच्या परीक्षेचं पुस्तक त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. कंटाळवाणं आहे, पण मार्जिन कसं लागतं आणि सेटलमेंट कशी होते ते त्यात नीट दिलंय, आणि ती परीक्षा पास झालास तर नोकरीच्या अर्जावरही दिसते.

पुढच्या दीड वर्षात ट्रेडिंग बंद कर असं मी म्हणत नाही. खात्यातून तू सुरुवातीला टाकलेले ४० हजार काढून वडिलांच्या हातात दे. उरलेल्या ७० हजारांवर कर. एफ अँड ओचा नफा करासाठी धंद्याचं उत्पन्न धरला जातो, तेव्हा रिटर्न भरायला लाग आणि तो तुझा तू भर. अकाउंट्सच्या तासाला शिकलेलं तिथे लगेच वापरता येईल. शक्य तर ऑप्शन्स कमी करून काही शेअर डिलिव्हरीत (प्रत्यक्ष डीमॅटमध्ये) घे, वार्षिक अहवाल वाच. एका वेळी एकच लॉट, दिवसाला जास्तीत जास्त दोन सौदे. आणि काकांसारखी वही ठेव. शेवटच्या रकान्यात एक अक्षर, हा सौदा का केला त्याचं. ती वही तू कुणाला दाखवणार नाहीस, त्यामुळे अक्षर खरं लिही.

या रविवारी आठ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स काढून सगळे सौदे एक्सेलमध्ये उतरव. मग मला चार आकडे कळव: एकूण सौदे किती, एकूण खर्च किती, सगळ्यात मोठे चार नफे वगळून बेरीज किती, आणि सगळ्यात वाईट दिवशी किती गेले. आणि चौथ्या सेमिस्टरची परीक्षा कधी आहे तेही लिही. ते बघून पुढचं बोलू.